मागून चेनचा खडखडाट आला की... ड्युटीच्या रस्त्यावरची सायकलची चुरस

गोलवाडी_फाटा (धागाकर्ता)

सकाळी साडेसहा ते साडेआठ या वेळात छत्रपती संभाजीनगरच्या नगर नाक्यापासून छोट्या पंढरपूरपर्यंतच्या रस्त्यावर एक खेळ रोज चालतो. कोणी कोणाशी बोलत नाही, नावं माहीत नसतात. पण गिअरवाल्याने काळ्या सायकलीला मागे टाकलं की पुढच्या सिग्नलपर्यंत काळी सायकल पुन्हा बरोबरीला आलेली असते, आणि दोघंही असे समोर बघत उभे असतात की जसं काही घडलंच नाही. शेंद्र्याच्या बाजूला हेच, जालन्यात मिलच्या शिफ्टला हेच, नांदेडात गोदावरीच्या पुलावर हेच.

धागा काढायचं कारण असं की या चुरशीत कोण जिंकलं हे बहुतेक वेळा चुकीचं ठरवलं जातं. वेग दिसतो, वारा, दात आणि टायर दिसत नाहीत. म्हणून आधी सगळे पाळताना दिसतात ते नियम लिहितो, हिशेब जाणकारांनी खाली मांडावा.

ओव्हरटेक उजवीकडून, एकदाच घंटी वाजवून. पुढे गेल्यावर तो वेग निदान पुढच्या चौकापर्यंत टिकला पाहिजे. पन्नास मीटर जोर लावून मग धापा टाकत हळू होणाऱ्याचं ओव्हरटेक धरत नाहीत. मागे वळून बघायचं नाही. हा नियम मानाचा आहे तसाच जिवाचाही, कारण मान वळली की हँडल त्याच बाजूला वळतं आणि तिथेच कोणीतरी बुलेटवाला असतो. लाल सिग्नल तोडून घेतलेली आघाडी बाद. सिग्नलला आधी थांबलेल्याच्या पुढे नेऊन चाक लावायचं नाही. शाळेची पोरं, सिलिंडर बांधलेला माणूस, आजोबा, यांना मागे टाकलं तर ते हिशेबात नाही. आणि ज्याला खेळायचं नाही तो पायडल थांबवून सायकल तशीच सोडून देतो; एवढी खूण पुरते, पुढे त्याचा नाद सोडायचा.

आषाढी एकादशीला छोट्या पंढरपूरकडे पायी जाणाऱ्यांनी रस्ता भरलेला असतो. त्या दिवशी खेळ बंद.

शेंद्रा_जनरल

नियमांना अनुमोदन. वाऱ्याचं मी लिहितो, कारण वाळूजवाले आणि शेंद्रावाले (शहराच्या दोन टोकांच्या एमआयडीसीत ड्युटीला जाणारे) यांच्यातला अर्धा वाद वाऱ्याचाच आहे.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे वारा पश्चिम-नैऋत्येकडून. वाळूज शहराच्या त्याच बाजूला, शेंद्रा बरोबर उलट, पूर्वेला. वारा सकाळी कमी असतो, दुपारनंतर चढतो. म्हणजे वाळूजवाल्याला सकाळी समोरून हलका वारा आणि संध्याकाळी पाठीवर जोराचा. शेंद्रावाल्याला सकाळी पाठीवर थोडासा आणि संध्याकाळी, दमलेला असताना, तोंडावर पूर्ण. हिवाळ्यात वारा पूर्व-ईशान्येचा होतो पण जोर कमी, सकाळी तर पान हलत नाही. म्हणून खरी तुलना करायची तर डिसेंबर-जानेवारीतली सकाळ घ्या. जुलैतल्या संध्याकाळचे वाळूजवाल्यांचे आकडे कोणी फुशारकीने सांगू नयेत.

किती फरक पडतो ते आकड्यात. साध्या, सरळ बसून चालवायच्या सायकलवर, सपाट रस्त्यावर, माणूस आणि सायकल मिळून ९५ किलो धरले तर ताशी २० ला साधारण १०० वॉट लागतात, २५ ला १६० च्या आसपास आणि ३० ला अडीचशे. वेग २० वरून २५ केला म्हणजे पावपटीने वाढवला, पण कष्ट दीडपटीच्या वर गेले. कारण हवेला ढकलायला लागणारं बळ वेगाच्या वर्गाने वाढतं आणि ताकद घनाने. आता समोरून ताशी १० चा वारा घ्या, तोही फार नाही, झाडाची पानं सतत हलतील एवढा. त्यात २० ने जायला जवळपास तेवढीच ताकद लागते जेवढी वारा नसताना २५ ने जायला. म्हणजे शेंद्र्याच्या बाजूच्या चिकलठाण्याहून संध्याकाळी तोंडावर वारा घेत २० ने येणारा माणूस पलीकडून पाठवाऱ्याने २५ ने जाणाऱ्याच्या पुढेच आहे. तो दिसत नाही एवढंच.

कोपर वाकवून अंग खाली घेतलं की लगेच फरक कळतो. पिशवी हँडलला लटकवू नका, कॅरिअरवर आडवी बांधा. फुगलेलं जर्किन आणि सुटा रेनकोट हे दोन पॅराशूट. (चालत्या सायकलवर रेनकोटची चेन लावायची कसरत कृपया नको.)

आणि उड्डाणपुलांचं काय धरता? क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स इथे वरून गेलेला आणि खाली सिग्नलला थांबलेला यांची तुलना होत नाही. माझ्या मते दोघं पुन्हा एका पातळीवर आले की तिथून नवी चुरस.

काळाघोडा_२८

आता दातांचं ऐका, म्हणजे चेन ज्या चक्रांवरून फिरते त्यांच्या दातांचं. पुढे ४४ दात, मागे १८, चाक २८ गुणिले दीड इंच. ही साधी काळी सायकल एका पायडल-फेऱ्यात साधारण ५.४ मीटर जाते. २६ इंची एमटीबी (जाड टायरची गिअरवाली) सर्वांत जड गिअरला, पुढे ४२ मागे १४, सव्वासहा मीटरच्या थोडं आत. ७०० च्या चाकाची हायब्रिड (पातळ टायरची, हलकी गिअरवाली), ४८ आणि १४, सुमारे ७.४ मीटर.

ताशी २४ म्हणजे मिनिटाला ४०० मीटर. त्या वेगाला काळ्या सायकलवाल्याला मिनिटाला ७४ फेरे मारावे लागतात, एमटीबीवाल्याला ६५ आणि हायब्रिडवाल्याला ५४. काळी सायकल २४ ने पळताना बघितली की समजून घ्या, त्या माणसाच्या गुडघ्यांना विश्रांती नाही.

आपल्या सायकलचा आकडा काढायला गुणाकार नको. मागच्या टायरला आणि त्याखाली फरशीवर खडूने खूण करा, डावं पायडल बरोबर खाली घ्या. सायकल सरळ ढकलत ते पायडल पुन्हा बरोबर खाली येईपर्यंत न्या. ढकलताना पायडल आपोआप फिरत नाही, ते हाताने चेन ताणून ठेवत फिरवावं लागतं, नाहीतर फ्रीव्हील (मागच्या चाकाचं दातांचं चक्र, जे उलटं सुटं फिरतं) घसरतं आणि आकडा खोटा येतो. मग पट्टीने अंतर मोजा. तीनदा मोजा आणि मधला आकडा घ्या.

मागे १८ ऐवजी १६ दातांचं फ्रीव्हील बसवायचं फॅड आलंय. त्याने ५.४ चे ६ मीटर होतात, २४ ला फेरे ७४ वरून ६६ वर येतात. पण पायावर जोर आठव्या भागाने वाढतो. पावसाळ्यात समोरच्या वाऱ्यात आणि उड्डाणपुलाच्या चढावर त्याचा पश्चात्ताप होतो. करायचंच असेल तर हे लक्षात ठेवा: जुनं फ्रीव्हील पायडल मारून मारून आट्यात आवळलेलं असतं, हाताने निघत नाही. पाना लावून, तो व्हाइसमध्ये धरून अख्खं चाक फिरवायचं असतं. नवं बसवताना आट्याला ग्रीस लावा, पुढच्या वेळी शिव्या वाचतील. दोन दात कमी झाले की चाक साधारण ६ मिमी मागे घ्यावं लागतं. मागच्या खाचेत तेवढी जागा आहे का ते आधी बघा. चाक मागे गेलं की दांडीच्या ब्रेकचे रबर रिमला बरोबर लागत नाहीत, ते पुन्हा लावून घ्या. हे विसरून लोक तसेच रस्त्यावर निघतात आणि पहिल्याच उतारावर ब्रेक हातात येतो.

डबडा_एमटीबी

फेऱ्यांचा हिशेब छान आहे, पण एक हरकत. जास्त फेरे म्हणजे जास्त कष्ट असं नसतं. हायब्रिडवाला ५४ फेरे मारतो, पण प्रत्येक फेऱ्याला जोर जास्त लावतो. एकाच वेगाला, एकाच वाऱ्यात, एकाच बसण्याच्या पद्धतीत ताकद जवळपास सारखीच लागते. काळ्या सायकलचं नुकसान दातांपेक्षा वजनात आणि सरळ बसण्यात आहे. ती वीस-बावीस किलोची, हायब्रिड तेरा-चौदाची. सपाट रस्त्यावर एकदा वेग धरला की वजनाचं ओझं फारसं वाटत नाही. पण सिग्नल सुटल्यावर आणि चढावर ते जाणवतं. आठ किलो म्हणजे माणूस धरून एकूण वजनाच्या दहाव्या भागाच्या आसपास, तेवढाच चढावर मागे.

काळाघोडा_२८

मान्य. पण दिवसभर उभं राहून मशीन चालवलेल्या माणसाला विचारा, गुडघा फेऱ्याने दुखतो की जोराने.

डबडा_एमटीबी

बहुतेक वेळा सीट खाली असल्याने दुखतो :) टाच पायडलवर ठेवा, पायडल सर्वांत खाली आणा, गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवडा ठेवला की हलकी वाकण आपोआप राहते. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट एकदम नाही, अर्धा-अर्धा सेंटिमीटर वर घ्या. मागच्या बाजूला दुखत असेल किंवा कंबर डावी-उजवी डुलत असेल तर खाली. सीटच्या नळीवर आत जायची खूण असते, तिच्या वर काढू नका, नाहीतर नळी वाकते किंवा फ्रेमचा जोड तडकतो. आपल्याकडे निम्म्या सायकली चौकात पाय टेकता यावेत म्हणून बुटक्या सीटवर चालतात. थांबताना सीटवरून उतरून दांडीपुढे उभं राहायची सवय लावली की हा प्रश्न मिटतो.

पंक्चर_सोल्युशन

चुरशीत सगळ्यात स्वस्त फायदा हवेचा आहे आणि तोच कोणी घेत नाही. मऊ टायरमुळे आणि जाड गुठळ्यांच्या नक्षीमुळे तेवढ्याच दमात ताशी दीड-दोन किमी जातात. डांबरी रस्त्यावर जाणाऱ्या एमटीबीला चिखलाच्या नक्षीचं काम काय? २६ गुणिले १.५ चा गुळगुळीत टायर त्याच रिमवर बसतो. फक्त रिमची रुंदी दाखवून घ्या.

हवेचा आकडा टायरच्या बाजूला छापलेला असतो. साधारण ७५ किलोच्या माणसाला २६ गुणिले १.९५ मध्ये मागे ५० ते ५५ पीएसआय, पुढे ४५. मागे जास्त कारण वजन मागे. ट्यूबमधून हवा हळूहळू झिरपतच असते, पंक्चर नसलं तरी. आठवड्यात एकदा भरा. पेट्रोल पंपावरच्या मशीनने भरताना जपून, सायकलच्या ट्यूबमध्ये हवेची जागा इतकी कमी असते की दोन सेकंदात ट्यूब फुटू शकते. थोडी थोडी, मध्ये दाबून बघत. डनलप व्हॉल्व्ह असेल तर आतली रबरी नळी दर उन्हाळ्याला बदला, ती उन्हाने चिकटते आणि लोक पंक्चर शोधत बसतात.

उन्हात उभी केली की हवा वाढते हे खरं, पण लोक समजतात तेवढी नाही. ५० भरलेली, टायर तापून ६० अंशांवर गेला तरी ५७ च्या आसपास. चांगला टायर त्याने फुटत नाही. फुटतो तो बाजूचा दोरा उसवलेला, किंवा रिमची पट्टी सरकून ट्यूब तारांच्या टोकाला घासलेली.

पंक्चरची कारणं भागाप्रमाणे वेगळी. शेताकडेच्या रस्त्याला वेडी बाभूळ आणि सराटे. जालना एमआयडीसीकडे लोखंडाचे बारीक तुकडे. हमरस्त्यावर सगळ्यात चिवट म्हणजे फुटलेल्या ट्रकच्या टायरमधली केसासारखी तार. ती टायरमध्ये घुसून बसते, बाहेरून दिसत नाही, आणि ट्यूब नवी टाकली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हवा कमी. बोट फिरवून ती लागत नाही, लागली तर बोट कापतं. कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरवा, जिथे धागा अडकेल तिथे तार. चिमट्याने आतल्या बाजूने ओढा.

पॅच सुटतो त्याचं कारण बहुतेक घाई. पॉलिश पेपरने चमक जाईपर्यंत घासायचं, सोल्युशन पॅचपेक्षा मोठ्या जागेवर पातळ लावायचं आणि ते चिकट वाटायचं थांबेपर्यंत, पाचेक मिनिटं, हात लावायचा नाही. ओल्या सोल्युशनवर पॅच दाबला की तो तरंगत राहतो. कंपनीच्या गेटवर उशीर होतोय म्हणून फुंकर मारू नका, तोंडाची वाफ बसते.

गोदाकाठ_नांदेड

आमच्याकडं सिडको-हडकोकडून शहरात यायचं म्हणजे गोदावरी ओलांडायची. पुलावर वारा आडवा लागतो, तिथली चुरस वेगळीच. बिनवाऱ्याचं लोक पुढच्याच्या आडोशाला बरोबर मागं लागतात, आडव्या वाऱ्यात आडोसा तिरका मिळतो. वारा उजवीकडून असेल तर पुढच्याच्या मागं थोडं डावीकडं. आणि इथंच लोक आपटायलेत.

कारण साधं आहे. तिरकं चालताना मागच्याचं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला येतं. पुढच्यानं खड्डा चुकवायला जरा हँडल घेतलं की चाकाला चाक लागतं. पुढचा पडत नाही, त्याच्या हातात स्टिअरिंग आहे. मागचा पडतो, कारण त्याचं पुढचं चाक ढकललं जातं आणि तोल सावरायला जागा राहत नाही. म्हणून पुलावर आडोसा नको. एकामागं एक, मध्ये एक सायकलभर अंतर.

आडोशाचा फायदा ताशी २० ला फार नाही बघा, २८ च्या पुढं ठळक. आपण बहुतेक २० ते २५ मध्येच. त्यासाठी दुसऱ्याच्या चाकाला चिकटायचं कामून? २५ चा वेग म्हणजे सेकंदाला ७ मीटर. पुढच्यानं ब्रेक दाबलेला दिसून हात ब्रेकवर जायला सेकंद जातो राव.

आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागं आडोशाला लागणारे महाभाग. ट्रॉलीखालून खड्डा दिसत नाही, दिसतो तेव्हा चाक त्यात असतं. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉलीला मागं लाइट नाही, रेडियम नाही, आणि वरून मोळी कधी सुटेल भरवसा नाही. अंधारात पुढं ट्रॉली उभी आहे की चालायली तेही कळत नाही. नोव्हेंबर ते मार्च अंधारात चुरस नकोच. पांढरा पुढं, लाल मागं, आणि पायडलला पिवळे रिफ्लेक्टर. पायडलचे वरखाली हलतात म्हणून लांबून सायकल आहे हे ओळखू येतं.

लातूरची_लेक

नियमात एक भर घाला. बाईने ओव्हरटेक केलं की काही लोकांना त्याच क्षणी नियमांचा विसर पडतो. मागे बिनआवाज चिकटून येणं ही चुरस नव्हे. पुढे जायचं तर घंटी वाजवून, हातभर नव्हे, पुरतं अंतर ठेवून जा आणि जातच राहा. मागे राहायचं तर लांब राहा. दोनदा पुढे-मागे झालं की तिसऱ्यांदा नाही, हा नियम सगळ्यांनाच लावला तरी बिघडत नाही.

अ‍ॅपवर मोजणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. स्ट्राव्हाच्या सेगमेंटमध्ये (वेळ मोजायला ठरवलेल्या रस्त्याच्या तुकड्यात) थांबलेला वेळही मोजला जातो, ऑटो-पॉज चालू असला तरी. त्यामुळे मध्ये सिग्नल असलेला सेगमेंट म्हणजे सिग्नल तोडायचं आमंत्रण. दोन सिग्नलच्या मधला तुकडा निवडा. दुसरं, घराचा आणि ऑफिसचा परिसर सेटिंगमध्ये लपवा आणि रोजची राइड सगळ्यांना दिसेल अशी ठेवू नका. रोज त्याच वेळी त्याच रस्त्याने कोण जातं हे अनोळखी माणसाला कळायची गरज नाही.

ओढणी गाठ मारून कमरेला, आणि मागच्या चाकाला जाळी. चेनकव्हर काढून सायकल 'हलकी' करणारे कितीसे ग्रॅम वाचवतात कोण जाणे.

गोलवाडी_फाटा (धागाकर्ता)

@लातूरची_लेक ताई, भर घातली. बरोबर मागे चिकटून येणं यापुढे कोणासाठीच धरायचं नाही.

आता तुलनेचा प्रश्न. दात, वजन, वारा, सगळं धरायचं तर गणिताचा मास्तर लागेल. त्यापेक्षा सोपं: प्रत्येकाची स्पर्धा त्याच्या स्वतःच्या सरासरीशी, आणि मग टक्क्यांची तुलना. एकच तुकडा, एकच वेळ, मागच्या दहा फेऱ्यांची सरासरी. काळ्या सायकलवाल्याची सरासरी ३८ मिनिटं असेल आणि आज ३६ मिनिटं ६ सेकंद लागली तर तो ५ टक्क्यांनी पुढे. हायब्रिडवाल्याची ३० असेल आणि आज २९ मिनिटं ६ सेकंद, तर ३ टक्के. हायब्रिड सात मिनिटं आधी पोचली तरी आजचा मान काळ्या सायकलीचा. दोघांना वारा सारखाच लागतो म्हणून तो हिशेबातून बराचसा जातो.

शेंद्रा_जनरल

बराचसा, पूर्ण नाही. काळी सायकल हळू असल्याने तोंडावरच्या वाऱ्यात जास्त वेळ राहते आणि टक्क्यातही जास्त मार खाते. वाऱ्याच्या दिवशीची तुलना सोडून द्या. बाकी पद्धत चांगली.

डबडा_एमटीबी

घाई करून नेमकं किती वाचतं हेही लिहून ठेवा. १२ किमीला २० ने ३६ मिनिटं, २४ ने ३०. एवढा घाम गाळून सहा मिनिटं. मोठ्या चौकातले तीन-चार लाल सिग्नल ती परत घेतात.

परभणी_वसमत_रोड

दुधाच्या कॅनवाल्याला मागे टाकलं तर धरत नाही असं लिहायचं राहिलंच. पण तो तुम्हाला मागे टाकतो तेव्हा काय? आमच्याकडे पहाटे दोन्ही बाजूला भरलेले कॅन घेऊन ते अशा वेगाने जातात की नवा गिअरवाला बघत राहतो. त्यांच्याशी खेळू नका. ४० लिटर दूध म्हणजे चाळीस किलोच्या वर, त्यात कॅनचं वजन वेगळं, आणि अर्धवट भरलेल्या कॅनमध्ये दूध हिंदकळत असतं. त्यांना अचानक थांबता येत नाही. त्यांच्यापुढे जाऊन ब्रेक लावणं हा सरळ गुन्हा समजा.

नवा_गडी_बीड

दोन प्रश्न आहेत. ई-सायकलवाला चुरशीत धरायचा का? आणि सिग्नल सुटल्यावर जोर लावला की माझी चेन कटकन सुटल्यासारखी होते, पाय रिकामा खाली जातो. नवी चेन टाकून आठवडाच झालाय. गिअर मेकॅनिककडून लावून घेतला, तरी तेच.

गोदाकाठ_नांदेड

ई-सायकल: नंबर प्लेट न लागणाऱ्या सायकलीची मोटार २५० वॉटच्या आतली असते आणि २५ च्या आतच तिची मदत थांबते. २५ च्या पुढं तोही आपल्यासारखाच, उलट बॅटरीचं वजन वाहायलाय. सिग्नलवरून निघताना त्याला हात लावू नका, पाठवाऱ्यात सपाटीला गाठा. थ्रॉटल पिळून जाणारा मात्र बाद.

काळाघोडा_२८

@नवा_गडी_बीड, भाऊ, तुमचा गिअर बिघडलेला नाही. नवी चेन, जुनं फ्रीव्हील, हे त्याचं कारण. जुनी चेन झिजून लांब होते आणि आपल्याबरोबर दातही घासून त्याच लांबीचे करते. मग नवी चेन त्या दातांवर नीट बसत नाही, जोर आला की दातावरून उडी मारते. सर्वांत जास्त वापरातल्या एक-दोन गिअरलाच होत असेल तर नक्की हेच. फ्रीव्हील बदला. तोवर उभं राहून पायडल मारू नका, पाय रिकामा गेला की छाती हँडलवर आणि पुढचं लिहायला नको.

पुढच्या वेळी असं होऊ नये म्हणून चेन पट्टीने मोजत जा. एका पिनच्या मध्यापासून चोवीस कड्या पुढच्या पिनच्या मध्यापर्यंत नव्या चेनला बरोबर १२ इंच. एक सोळांश इंच जास्त भरलं की चेन बदला, फ्रीव्हील वाचतं. एक अष्टमांश जास्त भरेपर्यंत थांबलात तर दोन्ही घ्यावी लागतात. चेन सायकलवरच, ताणलेल्या भागात मोजा.

गॅरेजमधलं काळं जळकं ऑइल चेनला लावू नका. त्यात धातूचा चुरा असतो, आणि आपल्याकडची धूळ त्यावर बसली की पॉलिश पेपरचं काम करते. उन्हाळ्यात पातळ ऑइल, प्रत्येक कडीवर एक थेंब, रात्री लावून सकाळी फडक्याने बाहेरचं पूर्ण पुसायचं. बाहेरून चेन कोरडी दिसली पाहिजे.

डबडा_एमटीबी

आणि सिग्नलला थांबायच्या आधी, चाक फिरत असतानाच, दोन गिअर हलके करून ठेवा. डिरेलरचे (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे) गिअर थांबल्यावर पडत नाहीत. उभ्या सायकलवर लिव्हर दाबली तर पहिल्या जोराला सगळे एकदम पडतात आणि चेन कडाडते. पुढचं चेनव्हील मोठं आणि मागचं सर्वांत मोठं हे एकत्र नको, चेन तिरकी ओढली जाते.

लातूरची_लेक

मे महिन्यातल्या चुरशीबद्दल कोणीच बोललं नाही. पारा चाळिशीच्या वर असताना दुपारी साडेतीनला सुटणाऱ्या शिफ्टने चुरस लावू नये, सरळ सांगते. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, तहान लागायच्या आधीपासून घोट घोट. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट ओतणारे पाहिलेत, त्याने उलट त्रास होतो. पाकीट नसेल तर एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचे चहाचे. घाम थांबला, डोकं दुखायला लागलं, मळमळलं तर सावलीत बसा, मानेवर ओलं फडकं, आणि सायकल तिथेच राहू द्या. बोलण्यात गोंधळ झाला तर थेट दवाखाना.

पंक्चर_सोल्युशन

पावसाळ्याचंही. स्टीलच्या रिमवर ओल्यात ब्रेक पहिल्या एक-दोन फेऱ्यांत जवळपास लागतच नाही, आधी पाणी पुसलं जातं. चौकाच्या खूप आधीपासून हलका हलका दाबत या. उड्डाणपुलावरचे लोखंडी सांधे आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओले असतील तर त्यांवर वळू नका, ब्रेकही नको, सरळ ओलांडा. काळ्या मातीत चाक गेलं तर मडगार्डमध्ये चिकटा भरून चाक जाम होतं. काडी सोबत ठेवा.

नवा_गडी_बीड

फ्रीव्हीलचं समजलं, धन्यवाद काळाघोडा काका. आता वडिलांच्या काळ्या सायकलचा आवाज. प्रत्येक फेऱ्याला एकदा टक् होतं, नेमकं उजवा पाय खाली येताना. कॉटरचा (पायडलचा दांडा आसाला जखडणाऱ्या पाचरीचा) नट आवळला, दोन दिवस बरं, पुन्हा टक्.

काळाघोडा_२८

नट आवळून कॉटर बसत नाही. नट फक्त बसलेला कॉटर धरून ठेवतो. जोर देऊन आवळाल तर आटे जातील. नट काढा, कॉटरची सपाट बाजू बघा, तिच्यावर घासून खाच पडली असेल तर नवा घ्या, जुन्याच मापाचा. क्रँकच्या (पायडलच्या दांड्याच्या) खाली लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीपर्यंत टेकवा, म्हणजे हातोडीचा मार बॉटम ब्रॅकेटच्या (पायडलचा आस फिरतो त्या नळीतल्या) छर्ऱ्यांवर जाणार नाही. मग कॉटर दोन-तीन ठाम ठोक्यांनी आत, वायसर, नट. दोन्ही बाजूंचे कॉटर एकमेकांच्या उलट दिशेने बसतात. सारख्या दिशेने घातले तर दोन पायडल एका रेषेत येत नाहीत. पंचवीस-तीस किमी चालवून पुन्हा एक ठोका आणि नट आवळणं, हे सोडू नका, कॉटर पहिल्या वापरात थोडा दबतोच.

तरी टक् राहिलं तर उजवं पायडल काढून त्याच्या आट्याला ग्रीस लावून पाहा. डाव्याला हात लावणार असाल तर त्याचे आटे उलटे असतात, सरळ समजून पाना ओढू नका.